‘बुणगे’ : पानिपताच्या भाषेतील एका शब्दाचा विचार

पानिपत शहराबाहेरच्या सपाट शेतीत काला अंब नावाचे स्थळ आहे. हा प्रदेश आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात गणला जातो. १४ जानेवारी १७६१ रोजी येथे इतके रक्त जमिनीत मुरले की जवळच्या आंब्याचे झाड काळवंडले, अशी स्थानिक आख्यायिका आहे. ते झाड केव्हाच नाहीसे झाले; त्या जागी स्मारकस्तंभ उभा आहे आणि नाव मागे उरले आहे. एका दिवसाच्या मनुष्यहानीची आठवण एका झाडाच्या रंगात साठवणारी ही लोकभाषा मेलेल्यांत प्रतवारी करीत नाही. आंब्याला रक्त कोणाचे हे ठाऊक नसते.

मराठी भाषेने मात्र त्याच दिवसाची आठवण फार वेगळ्या रीतीने साठवली. पुरता धुव्वा उडाला म्हणजे ‘पानिपत झाले’ असे आपण म्हणतो. सदाशिवरावभाऊंच्या फौजेची जी दाणादाण उडाली तिच्यावरून ‘भाऊगर्दी’ हा शब्द रूढ झाला. नानासाहेब पेशव्यांचा पुत्र विश्वासराव तेथे पडला म्हणून ‘विश्वास पानिपतात गेला’ हा श्लेष झाला, आणि ‘लाख बांगडी फुटली’ या वाक्प्रचाराने हानीची मोजणी मागे राहिलेल्या विधवांच्या हातांवरून केली. या सर्वांत अधिक प्रसिद्ध आहे ते सावकारी सांकेतिक पत्र, ज्यातून पराभवाची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांपर्यंत पोहोचली असे सांगतात. त्याचा मजकूर ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या इतिहासात दिला आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि चांदी व तांबे किती गेले याचा हिशेब लागत नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव, आणि मोहरा म्हणजे नामांकित सरदार. उरलेला तो खुर्दा.

पत्र सावकाराचे असल्यामुळे त्यातील उपमा नाण्यांच्या असणे स्वाभाविकच होय. शिवाय वार्ता गुप्त ठेवणे हा तिचा हेतू होता, कोणाचा मान वा अपमान करणे हा नव्हता. तथापि या पत्रात पानिपतासंबंधीच्या पुढील सव्वादोनशे-अडीचशे वर्षांच्या मराठी लेखनाचा आराखडा आधीच आखलेला दिसतो. मोत्यांवर आपण विलाप केला. कोणती मोहोर खरी आणि कोणती खोटी यावर वाद घातले. मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले यांच्या वर्तनाची चिकित्सा राजवाड्यांच्या १८९८ सालच्या पहिल्या साधनखंडापासून आजवर चालू आहे. खुर्द्याकडे मात्र पुन्हा पाहिले गेले ते एकाच कारणाने, पराभवाचा दोष ठेवण्यासाठी. त्या वेळी त्याला खुर्दा म्हटले गेले नाही. त्यासाठी निराळा शब्द होता, आणि तो ‘बुणगे’ किंवा ‘बाजारबुणगे’.

या शब्दाची कुळकथा लक्षात घेण्यासारखी आहे. मूळ शब्द फारसी ‘बुनगाह’. ‘बुन’ म्हणजे मूळ, तळ, पाया. ‘गाह’ म्हणजे जागा. सामानसुमान ज्या ठिकाणी ठेवले जाते ते ठिकाण, मुक्कामाची जागा, हा त्याचा आशय. लष्करी व्यवहारात जागेवरून अर्थ तेथील सामानावर आला. तंबू, राहुट्या, कोठार, धान्य, खजिना असे जे काही लढाईच्या आघाडीवर न नेता मागे ठेवायचे ते सारे बुणगे. पुढच्या पायरीला सामानाबरोबर त्या सामानाची वाहतूक आणि राखण करणारी माणसेही त्याच शब्दात सामावली. जुन्या मराठी लेखनात ‘बुणगें’ असे नपुंसकलिंगी समूहवाचक रूप आहे आणि ‘बुणगा’ असे पुल्लिंगी रूपही आहे. ‘बुणगें मागें राहिलें’ यात मागे राहिलेली गोष्ट सामान आहे की सामान व माणसे मिळून झालेला एक लोंढा आहे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकल्यावर तर नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन यांच्यात डोळ्यालाही भेद उरला नाही. ‘बुणगे मागे राहिले’ हे वाक्य सामानाविषयी आहे की माणसांविषयी, हे आता लिपी सांगत नाही. अर्थात भेद कानाला आणि मनाला त्याआधीच जाणवेनासा झाला होता. नियमांना दोष देण्याचे कारण नाही.

तोच शब्द त्याच्या मूळ देशात कोठे पोहोचला हे पाहणे उद्बोधक आहे. आधुनिक फारसीत ‘बोंगाह’ म्हणजे पेढी, संस्था, घरजमिनीच्या व्यवहाराची कचेरी. विसाव्या शतकाच्या मध्यास तेहरानमध्ये स्थापन झालेल्या एका प्रतिष्ठित ग्रंथप्रकाशन संस्थेच्या नावात हा शब्द होता. म्हणजे ‘पाया असलेली जागा’ या मूळ आशयाला इराणात प्रतिष्ठेचा फाटा फुटला आणि महाराष्ट्रात शिवीचा. अर्थापकर्ष हा शब्दाच्या अंगभूत स्वभावाचा परिणाम नसतो. तो शब्द ज्यांच्यासाठी वापरला जातो त्यांच्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा परिणाम असतो. याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

आता हे बुणगे म्हणजे नेमके कोण? मार्च १७६०मध्ये भाऊसाहेब मराठवाड्यातून उत्तरेकडे निघाले तेव्हा फौजेमागे चाललेल्या समूहात बेलदार होते. ते खंदक खणीत, वाटा सारख्या करीत, नदीचा उतार शोधून गाड्या पार नेत. भोई पालख्या आणि डोल्या वाहत. घोड्यांचा खरारा आणि दाणापाणी पाहणारे मोतद्दार, गवत कापून आणणारे, उंटांचे सारवान, हत्तींचे माहूत, पखालींनी पाणी पुरवणारे भिस्ती, तंबू ठोकणारे फर्राश होते. नाल ठोकणारे लोहार, खोगिरे व मोटा शिवणारे चांभार, बैलांच्या पाठीवर धान्य वाहून आणणारे लमाण व वंजारी होते. लष्करी बाजारातील वाणी, सराफ, सोनार, कासार होते. सरदारांच्या कुटुंबांतील कुणबिणी व बटकी होत्या. या शब्दांचेही स्वतंत्र प्रकरण होईल, कारण ‘कुणबीण’ या एकाच शब्दाने मराठीत शेतकरी स्त्री आणि विकत घेतलेली दासी या दोघींचा निर्देश होत असे. फौजेच्या सोबतीने काशी, प्रयाग, मथुरा, कुरुक्षेत्र घडावे म्हणून निघालेले यात्रेकरू होते. त्या काळी उत्तरेचा प्रवास एकट्यादुकट्याने करणे जिवावरचे होते, आणि सशस्त्र फौजेइतकी सुरक्षित सोबत दुसरी नव्हती.

ही यादी सहज लांबवता येईल. या गर्दीतील बहुसंख्य लोक प्रवासी नसून कामकरी होते, आणि त्यांच्या कामाशिवाय फौज एक मजल पुढे गेली नसती. लष्कराला अन्न पुरवणारे सरकारी खाते असे त्या काळी नव्हते. ते काम बाजार करीत असे. ज्याला हेटाळणीने ‘बाजार’ म्हटले गेले तो वस्तुतः सैन्याचा पुरवठा विभाग होता. त्यातच या मोहिमेत जड तोफखाना आणि इब्राहिमखानाची कवायती पलटणे होती. फेब्रुवारी १७६०मध्ये उदगीरला निजामावर मिळवलेल्या विजयात या तोफांचे महत्त्व सिद्ध झाले होते. पण तोफ स्वतः चालत नाही. तिला बैल लागतात, बैलांना वैरण लागते, वैरणीला माणसे लागतात, आणि त्या माणसांना पुन्हा बाजार लागतो. ज्या इतिहासकारांनी तोफखान्याच्या नव्या युद्धपद्धतीची वाखाणणी केली आणि त्याच पानावर बुणग्यांच्या संख्येविषयी खेद व्यक्त केला, त्यांच्या ध्यानात हे आले नसावे की दोन्ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

संख्येविषयी समकालीन साक्षीदार काशीराज पंडित याचे कथन नेहमी उद्धृत होते. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या या गृहस्थाने विरुद्ध छावणीतून युद्ध पाहिले आणि पुढे फारसीत त्याचा वृत्तांत लिहिला. मराठ्यांच्या छावणीत एकूण सुमारे ५ लाख जीव होते असा त्याचा अंदाज. हा आकडा फुगलेला आहे असेच आधुनिक अभ्यासक मानतात. परंतु न लढणाऱ्यांची संख्या लढणाऱ्यांहून कमी नव्हती याविषयी फारसा मतभेद नाही. या लोकांना मागे ठेवून सडे पुढे जावे असा सल्ला सूरजमल जाटाने दिला होता आणि भाऊंनी तो मानला नाही, ही कथा पानिपताच्या प्रत्येक निवेदनात येते. नोव्हेंबर १७६०च्या प्रारंभापासून अडीच महिने फौज पानिपतात अडकली, दिल्लीशी दळणवळण तुटले, धान्य संपले, उपासमार झाली आणि अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढावे असा निर्णय झाला. या घटनाक्रमात खाणाऱ्या तोंडांची संख्या हे एक महत्त्वाचे कारण होते, हे नाकारण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न खरा आहे आणि त्याची लष्करी चिकित्सा व्हावी हेही खरे.

पण पुढील दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘फौजेबरोबर बुणग्यांचे लोढणे होते.’ ‘फौजेबरोबर तिचे बेलदार, भोई, मोतद्दार, लमाण आणि यात्रेकरू होते.’ दोन्ही वाक्यांतील माणसे तीच आहेत. दुसरे वाक्य वाचल्यावर प्रश्न उभे राहतात. यांना कोणी आणले? यांच्या अन्नाची जबाबदारी कोणाची होती? अब्दालीने ऑक्टोबरअखेर बागपतजवळ यमुना ओलांडली, ती वार्ता वेळेवर न मिळणे हा कोणाचा दोष? पहिल्या वाक्यानंतर यांपैकी एकही प्रश्न उद्भवत नाही, कारण उत्तर शब्दातच बसलेले आहे. ‘लोढणे’ हे ओढाळ गुराच्या गळ्यात बांधतात. ते कोणीतरी बांधलेले असते ही गोष्टही त्या रूपकात विसरली जाते. शब्दाची निवड ही येथे वर्णनाची बाब राहिलेली नाही. निवाडा तिने पुराव्याच्या आधीच केलेला असतो.

या निवाड्याला एक नैतिक छटाही आहे, आणि ती शिवकाळाशी केलेल्या तुलनेतून आली. लष्करात कोणी बायको, बटीक वा कलावंतीण नेऊ नये, असा शिवाजी महाराजांच्या फौजेचा दंडक सभासदाने १६९७च्या बखरीत नोंदवला आहे. हा दंडक खरा आणि त्याचे कौतुकही रास्त. परंतु चपळ घोडदळाची, आपल्याच डोंगरी मुलखातली, पावसाळ्यात घरी परतणारी फौज आणि शेकडो कोस दूर सपाट मुलखात वर्षभर राहणारी तोफखान्याची फौज यांची तुलना पुरवठ्याच्या दृष्टीने न करता शीलाच्या दृष्टीने केली गेली. त्यामुळे बुणगे हे संख्येचे ओझे न राहता ऱ्हासाचे लक्षण ठरले. बेलदाराच्या घामावर सरदाराच्या विलासाचा डाग पडला. ज्यांच्या जनान्यासाठी भोई पालख्या वाहत होते त्यांना कोणी बुणगे म्हटले नाही. भोई मात्र त्या शब्दात सापडला.

नामांइतकीच क्रियापदेही येथे बोलकी आहेत. पानिपताविषयीच्या मराठी गद्यात सेनानी ‘धारातीर्थी पडतात’ किंवा त्यांचे ‘पतन होते’; शिलेदार व बारगीर ‘कामी येतात’; बुणगे ‘कापले जातात’. ‘कामी येणे’ या शब्दप्रयोगात मृत्यूला उपयोग आहे, हेतू आहे. ‘कापले जाणे’ यात गवत आहे. आणि स्त्रियांविषयीचे क्रियापद याहून कठोर आहे. पकडल्या गेलेल्या स्त्रीला मराठीने ‘बाटली’ म्हटले. ‘बाटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्यात बाटवणारा नाही. ज्याने अत्याचार केला तो व्याकरणातून निसटला, आणि जिच्यावर अत्याचार झाला ती वाक्याची कर्ती झाली. ‘बाटवणे’ हे प्रयोजक रूप भाषेत असूनही परत येऊ पाहणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला बहुधा ‘बाटणे’च आले, कारण समाजापुढचा प्रश्न अपराध्याला शिक्षा करण्याचा नसून तिला घरात घ्यावे की न घ्यावे हा होता. ‘लाख बांगडी फुटली’ म्हणताना ज्या बांगड्या मोजल्या गेल्या त्या घरी राहिलेल्या स्त्रियांच्या. रणांगणाशेजारी ज्यांच्या हातातील बांगड्या हातासकट गेल्या, त्यांची वेगळी मोजणी नाही.

याच रणभूमीवरील आणखी एका शब्दाची गत सांगण्यासारखी आहे. ‘गारदी’ हा युरोपीय ‘गार्ड’च्या कुळातला शब्द, फ्रेंच धर्तीवर शिकवलेल्या पायदळ शिपायास लावलेला. इब्राहिमखान गारदी आणि त्याची पलटणे पानिपतात अखेरपर्यंत झुंजली. तो पकडला गेला आणि मारला गेला. परंतु ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा खून केला, आणि तेव्हापासून मराठीत गारदी म्हणजे भाडोत्री मारेकरी. इब्राहिमखानाची निष्ठा सांगताना आजही लेखकाला त्याच्या नावातील उपपदाशी झगडावे लागते. मात्र येथे एक महत्त्वाचा फरक आहे. गारद्यांचा अर्थ बिघडला तो त्यांच्यापैकी काहींनी केलेल्या एका घोर कृत्यामुळे. बुणग्यांनी काहीच केले नव्हते.

असा शब्द केवळ मराठीचाच आहे असे मात्र नव्हे. इंग्रजीतील समांतर शब्दाचा शब्दशः अर्थ ‘छावणीमागून चालणारा’ असा असून, तोही राजकारणात लाचार अनुयायाला लावायची शिवी झाला आहे. पानिपतानंतर जवळजवळ ८१ वर्षांनी, त्याच जानेवारी महिन्यात, १८४२ साली एल्फिन्स्टनच्या हाताखालील इंग्रजी फौज काबूलहून माघारी निघाली. तीत सुमारे ४,५०० सैनिक आणि सुमारे १२,००० ‘मागून चालणारे’ होते, आणि हे दुसरे बहुतेक हिंदुस्थानी होते. बर्फात आणि खिंडींत ती फौज नष्ट झाली. इंग्रजी स्मृतीत उरला तो १३ जानेवारीस जलालाबादेस एकटा पोहोचलेला डॉक्टर ब्रायडन. त्याचे लेडी बटलरने काढलेले १८७९चे चित्र प्रसिद्ध आहे. चित्राच्या चौकटीत त्या १२,००० माणसांना जागा नाही. पानिपतात लढणारे आणि न लढणारे निदान एका भाषेचे आणि एका मुलखाचे होते. तरीही शब्दाने तेच काम केले जे काबूलच्या वाटेवर वर्णभेदाने केले.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. मराठीने आपल्या नावांची जेवढी झडती घेतली तेवढी भारतातील फार थोड्या भाषांनी घेतली असेल. जोतीराव फुल्यांनी ‘शूद्रातिशूद्र’ ही संज्ञा हत्यारासारखी वापरली. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली काढलेल्या संस्थेला मराठीत ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ असे नाव दिले; त्यात करुणा आहे, पण आश्रय देणारा वरच्या पायरीवर आहे. डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत’ हा शब्द पुढे आणला, तो १९२४च्या ‘बहिष्कृत हितकारिणी सभे’त आणि १९२७च्या ‘बहिष्कृत भारत’ पत्रात. या शब्दाची ताकद अशी की तो उच्चारताच बहिष्कार घालणारा कोण हा प्रश्न उभा राहतो. ‘बाटणे’च्या नेमका उलट व्यवहार येथे आहे, कारण निसटलेला कर्ता व्याकरणात परत आणला गेला. गांधीजींनी पुरस्कारलेला ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्यास विरोध म्हणून जानेवारी १९३८मध्ये मुंबईच्या विधानसभेतून आंबेडकर आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. शब्द गोड होता, पण तो ज्यांना लावायचा त्यांना विचारून निवडलेला नव्हता. पुढे १९५८चे मुंबईतील पहिले दलित साहित्य संमेलन, १९७२ची दलित पँथर, आणि २०१८ साली ‘दलित’ हा शब्द माध्यमांनी टाळावा अशी केंद्र शासनाने दिलेली सूचना व तिच्याविरुद्ध उठलेला आवाज, ही सारी याच झडतीची प्रकरणे होत.

भटक्या जमातींच्या बाबतीतही असेच घडले. १८७१च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, ते कायदा १९५२ साली रद्द झाल्यावर ‘विमुक्त’ झाले. लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनांना अनुक्रमे ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) ही नावे दिली. समाजाने फेकलेला शब्द उचलून त्यांनी मुखपृष्ठावर ठेवला. डिसेंबर २०२०मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने महारवाडा, मांगवाडा यांसारखी जातिवाचक वस्तिनामे बदलण्याचा निर्णय घेतला. नाव बदलल्याने वस्तीचा पाणवठा बदलतो का, ही शंका रास्त आहे. पण नावाने काहीच होत नसते तर ते बदलण्यास विरोधही झाला नसता.

मग या झडतीत ‘बाजारबुणगे’ का सापडला नाही? आजही प्रचारसभेत आणि अग्रलेखात तो मुक्तपणे वापरला जातो. जातिवाचक शिवी उच्चारण्यास जी जीभ अडखळते ती येथे अडखळत नाही. उलट इतिहासाचे ज्ञान दाखवल्याचे समाधान मिळते. याचे उत्तर बहुधा असे, की बाकीच्या प्रत्येक शब्दामागे तो नाकारणारा किंवा उलटवणारा एक जिवंत समाज होता. बुणगे ही जात नव्हती. बेलदार, भोई, लमाण, चांभार, महार, वाणी, कुणबिणी अशा अनेक जातींचे आणि स्थितींचे लोक केवळ एका मोहिमेत एका शब्दाखाली आले आणि त्या शब्दाखालीच संपले. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८च्या लढाईतील शिपायांची नावे कोरलेली आहेत. तेथील ‘नाक’ या प्रत्ययाने संपणाऱ्या नावांमुळे महार शिपायांचे वंशज तेथे जाऊन ‘हे आमचे’ असे म्हणू शकले आणि त्यातून एक परंपरा उभी राहिली. बुणग्यांची नावे कोणी कोरली नाहीत. म्हणून त्यांना वारस नाहीत.

वारस नाहीत हे विधान काला अंब येथे उभे राहून मात्र जरा जपून करावे लागते. गेल्या दोन-अडीच दशकांत हरियाणातील कर्नाल, पानिपत, कुरुक्षेत्र या भागांतील रोड समाजातील अनेकांनी आपण पानिपतातून वाचून तेथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत असे मानण्यास प्रारंभ केला आहे. ‘रोड मराठा’ हे नाव त्यातून रूढ झाले, आणि १४ जानेवारीस काला अंब येथे होणाऱ्या ‘शौर्य दिना’च्या मेळाव्यात महाराष्ट्रातूनही लोक जातात. या वंशपरंपरेविषयी इतिहाससंशोधकांत एकमत नाही, आणि येथे तिचा निर्णय करण्याचे कारणही नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की ज्या नावावर हक्क सांगितला जातो ते ‘मराठा’ हे नाव होय, ज्या गुणावर हक्क सांगितला जातो ते शौर्य होय. वाचून मागे राहिलेल्यांत बैल राखणारे, पाणी वाहणारे आणि वाट चुकलेले यात्रेकरू अधिक असणार हे तर्काला धरून आहे. पण त्या पूर्वजाचा शोध कोणी घेत नाही. शिवी झालेल्या शब्दाचा वंशज व्हायला कोण तयार होईल?

या चित्राची दुसरी बाजू बलुचिस्तानात आहे. अब्दालीबरोबर गेलेल्या बलुची तुकड्यांनी पानिपतातील कैदी नेले आणि त्यांचे वंशज बुगटी टोळीत ‘मराठा’ या नावाने ओळखले जातात, अशी परंपरा आहे. त्या समाजरचनेत हा गट दीर्घकाळ दास मानला गेला. महाराष्ट्रात जो शब्द जमीन, पाटिलकी आणि तलवार यांचा निदर्शक आहे, तोच तेथे सेवेकऱ्याचा, खालच्या पायरीवरच्या माणसाचा वाचक झाला. शब्दाला स्वतःची पायरी नसते, ती त्याला समाज देतो, हे बुणग्यांच्या बाबतीत जेवढे खरे तेवढेच ‘मराठा’ या शब्दाच्या बाबतीतही खरे ठरले आहे.

‘बुणगे’ या शब्दाची पायरी कामावरून ठरली की कुळावरून, हे तपासण्याची एक सोपी कसोटी पानिपताच्या इतिहासातच उपलब्ध आहे. पुढे नाना फडणीस म्हणून प्रसिद्धीस आलेले बाळाजी जनार्दन एकोणिसाव्या वर्षी त्या छावणीत होते. ते लढवय्ये नव्हते. आई आणि पत्नी यांना तीर्थयात्रा घडावी म्हणून त्यांनी दोघींना बरोबर घेतले होते, आणि त्या दिवसाचा पळ, वेष टाकून काढलेली वाट आणि चुकामूक हे सर्व त्यांनी आपल्या छोट्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. पत्नी वाचली, आई परत आली नाही. न लढणारी, फौजेच्या आश्रयाने यात्रेस निघालेली, छावणीतील धान्यावर जगणारी आणि पळापळीत हरवलेली ती स्त्री शब्दाच्या काटेकोर अर्थाने बुणग्यांपैकीच एक होती. नानांच्या मातुश्रींचा उल्लेख आजवर अनेकांनी केला आहे, आणि प्रत्येकाने हळहळून केला आहे. त्यांना बुणगे कोणीही म्हटलेले नाही. त्यांची डोली ज्या भोयांच्या खांद्यावर होती, त्यांच्यासाठी मात्र मराठीत दुसरा शब्द सापडत नाही.